पेन्शनीचे स्वातंत्र्य

(माजी सैनिक दिनानिमित्त स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज १४ जानेवारी. घरोघरी तिळगुळाची गडबड आहे, त्यामुळे कॅलेंडरातली दुसरी नोंद कुणी वाचत नाही. आजचा दिवस देशभर माजी सैनिक दिन म्हणून पाळतात. १९५३ साली याच तारखेला जनरल करिअप्पा लष्करातून निवृत्त झाले. हेच करिअप्पा १५ जानेवारी १९४९ रोजी पहिले भारतीय सेनाप्रमुख झाले होते आणि ती तारीख सेना दिन ठरली. एकाच माणसाच्या आयुष्यातल्या दोन तारखा कॅलेंडरात अशा शेजारीशेजारी बसल्या आहेत. सूत्रे हाती घेतल्याच्या दिवशी संचलन होते, रणगाडे निघतात. सूत्रे खाली ठेवल्याचा दिवस पाळावा हे सुचायला मात्र आपल्याला साठाहून अधिक वर्षे लागली. फौजेतून परतलेल्या माणसाकडे आपण किती उशिरा पाहतो, याचा हा सरकारी दाखलाच म्हणायचा.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते हवालदार म्हणून घरी आले आणि पुढे अखेरपर्यंत याच वाचनालयाची किल्ली सांभाळत राहिले. त्यांच्या पलटणीविषयी आणि पदकांविषयी आपण प्रास्ताविकात ऐकलेच. मला बोलायचे आहे ते किल्ली सांभाळण्याच्या वर्षांविषयी. मी इतिहासाचा मास्तर. बंदूक हातात धरलेली नाही. पण सातारा जिल्ह्यात वर्गावर उभे राहायचे म्हणजे पलटणीतल्या बापांची पोरे समोर असणारच. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचे गाव आहे आणि त्या गावातली ४६ माणसे पहिल्या महायुद्धात कामी आल्याची नोंद आहे, तिथल्या मास्तराला फौज टाळता येत नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद घालायला तुम्ही मोकळे. परतलेल्या सैनिकाने आपल्या समाजाला जे काही दिले, ते त्याला देता आले ते मुख्यतः त्याच्या पेन्शनीच्या बळावर. शौर्य त्याच्याजवळ होतेच. पण शौर्याने गावातल्या बलदंडांसमोर उभे राहता येत नाही. त्यासाठी दर महिन्याला, कुणाच्याही मेहरबानीशिवाय, घरात येणारा पैसा लागतो.

आधी हा माणूस कोण ते पाहू. आपल्या मनातला निवृत्त माणूस साठीचा असतो. नातवंडे असतात, सकाळी फिरायला जातो. फौजेतला जवान निवृत्त होतो तो पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान. हुद्दा वाढला तर मुदत वाढते. सुभेदार, सुभेदार मेजर होऊन पन्नाशी गाठणारे थोडे. गेली कित्येक वर्षे साधारण ६० हजार माणसे दर वर्षी अशी परत येत आली आहेत. मुलगी आठवीत, मुलगा सहावीत, आईवडील थकलेले, घराचा स्लॅब पडायचा बाकी, आणि कर्ता पुरुष पेन्शनर! दुसऱ्या कुठल्या नोकरीत हे दिसत नाही. फौजेला तरुण पाय लागतात. सियाचीनवर पन्नाशीचा शिपाई पाठवून चालत नाही. देशाची ही गरज मान्य आहे. पण ती भागवण्यासाठी माणसाच्या कमाईच्या उमेदीची पंधरा ते पंचवीस वर्षे कापली जातात, हेही मान्य करायला हवे.

आता त्याच्या घराचा हिशेब पाहा. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस नैमित्तिक रजा. सतरा वर्षांत एकही रजा बुडाली नाही असे धरा. प्रत्यक्षात सीमेवर तणाव होतो, पूर येतो, निवडणुकीचा बंदोबस्त लागतो आणि रजा पुढे जाते. तरीही सगळी मिळाली असे धरले तर तो घरी राहिलेला असतो चार वर्षांहून थोडा जास्त काळ. शांत ठाण्यावर कुटुंब नेता येते, पण तिथेही क्वार्टर पाळीने मिळते. म्हणजे लग्न, बारशी, वडिलांचे आजारपण, भावकीतल्या वाटण्या, विहिरीचे काम, सगळे त्या चार वर्षांत उरकायचे. उरलेली तेरा वर्षे घर कोण चालवते? त्याची बायको. सोसायटीचे कर्ज, खताची पोती, मुलांचे दाखले, सासूचे ऑपरेशन, बांधावरून झालेली भांडणे, हे सगळे तिने एकटीने निभावलेले असते. पूर्वी ती पत्राची वाट पाहायची, आता व्हिडिओ कॉलची. निर्णय मात्र दोन्ही काळांत तिचेच.

मग एक दिवस तो कायमचा येतो. निरोपाची रीत अशी, की शेवटच्या कागदपत्रांसाठी माणूस आपल्या रेजिमेंटच्या सेंटरवर जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगावला, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशात सागरला. ज्या मैदानावर रंगरूट म्हणून त्याचे केस उतरवले होते, त्याच मैदानाशेजारच्या खोल्यांत आता कागदांची फेरी चालते. किट जमा, ओळखपत्र जमा, डिस्चार्ज बुक ताब्यात, पेन्शनचा पीपीओ म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, फंड, ग्रॅच्युइटी, ग्रुप इन्शुरन्स, शिल्लक रजेचे पैसे. निम्म्यापर्यंत पेन्शन विकून एकरकमी घेता येते आणि विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. हा पर्याय घ्यायचा की नाही, हेही तिथेच ठरवायचे. आयुष्यातला सर्वांत मोठा आर्थिक निर्णय माणूस घाईत, बहुतेकदा एकटा आणि पलटण सुटल्याच्या हुरहुरीत घेतो. ज्या बाईने तेरा वर्षे घरचा पैसा फिरवला, ती त्या खोलीत नसते.

गावात सोहळा होतो. अलीकडे तर फुलांनी सजवलेली जीप, डीजे, फ्लेक्स, औक्षण, सेवापूर्तीचा सत्कार असे सगळे असते. मला त्याचा राग नाही. ज्या गावांनी पूर्वी शिपायाला दारूबाज म्हणून हिणवले, तीच आज हार घालत असतील तर चांगलेच आहे. पण सत्कार संपला की पुढच्या आठवड्यात दुसरी माणसे यायला लागतात. प्लॉटवाला येतो, गाडीवाला येतो, पैसे दामदुप्पट करून देणारा येतो, चुलतभाऊ उसने मागायला येतो. फंडाचा आकडा गावाला कसा कळतो हे एक कोडेच आहे. नोकरीत असताना ज्याने राशन, कपडा, डॉक्टर यांची कधी चिंता केली नाही, त्याच्यावर अचानक बाजार तुटून पडतो.

आणि घरात? काल तीस माणसे ज्याच्या एका शब्दावर उठत होती, त्याला आज तलाठी कार्यालयात सातबाऱ्यासाठी ताटकळावे लागते. फौजेत सकाळच्या पीटीपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत दिवसाला चौकट असते. गावात सकाळी दहाची ग्रामसभा साडेअकरालाही सुरू होत नाही आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. मग तो शिस्त लावायला जातो ती घरात. मुलांना वेळापत्रक, बायकोला सूचना, जनावरांच्या गोठ्यालासुद्धा ले-आउट! मुले आईकडे बघतात. आई काय करणार? तिने उभे केलेले घर आणि तो घेऊन आलेली बराक यांच्यामध्ये तीच पूल होते. पहिली दोन-तीन वर्षे फार नाजूक असतात. तिच्या या कामाचा उल्लेख कुठल्याच सत्काराच्या भाषणात नसतो. म्हणून आज तो व्यासपीठावरून करतो आहे.

आता इतिहासाकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा पुरावा तिथे आहे.

कोकणात दापोलीला अजूनही जुनी माणसे कॅम्प दापोली म्हणतात. पेशवाई बुडाल्यावर तिथे इंग्रजांची छावणी पडली. पुढे पलटणी हलल्या, पण निवृत्त शिपायांची वस्ती तिथे टिकून राहिली. मुंबई लष्करात त्या काळी महार शिपायांची संख्या मोठी होती आणि त्यांतले अनेक पेन्शनीनंतर दापोलीत स्थायिक झाले. या वस्तीचे वेगळेपण समजून घ्यायला हवे. गावातला महार बलुत्यावर जगत होता. त्याची भाकरी गावकीच्या हातात होती. तोंड उघडले तर बलुते बंद. दापोलीतल्या पेन्शनराची भाकरी सरकारी खजिन्यातून येत होती. पाटलाला, खोताला ती बंद करता येत नव्हती. वर, लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण मिळत असे. अक्षरओळख आणि बांधील नसलेली भाकरी ही जोडी एकत्र आली की काय होते, ते दापोलीने दाखवले.

गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर ठसा होता. ‘दीनबंधु’सारख्या पत्रांतून ते लिहू लागले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले आणि अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार काय, असे प्रश्न सनातन्यांसमोर जाहीरपणे ठेवले. पुढे सरकारने महारांची भरती थांबवली, तेव्हा १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार करण्यातही तेच पुढे होते. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली आणि वरच्या जातीच्या सभासदांना ती इतकी खुपली की वर्तमानपत्रांतून वाद रंगला. बाबासाहेबांच्या चळवळीच्या कितीतरी आधी कोकणात उठलेला हा आवाज एका पेन्शनराचा होता. बलुत्यावर जगणाऱ्या माणसाला त्या काळी हे धाडस परवडले असते का? बुद्धी कमी नव्हती, चीडही कमी नव्हती. उद्याच्या भाकरीची हमी नव्हती.

दुसरे उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. पेन्शनीवर एवढा संसार भागणार नव्हता, म्हणून रामजींनी दुसरी नोकरी धरली. खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर ते रोखपाल होते. निवृत्त सैनिकाची ‘दुसरी नोकरी’ ही आजची गोष्ट नाही, हे लक्षात घ्या. पण त्या पेन्शनीने एक केले. मुलाला मजुरीला न जुंपता शाळेत पाठवता आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. या देशाच्या राज्यघटनेमागे जी अनेक कारणे उभी आहेत त्यांत एका सुभेदाराची मासिक पेन्शन आहे, असे मी वर्गात सांगायचो. मुले हसायची. मी गंभीर होतो.

तिसरे नाव घेतले की सभेत दोन तट पडतात, तरी घेतो. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात ट्रक चालवणारा एक जवान १९७५ मध्ये निवृत्त होऊन पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला आला. अण्णा हजारे पुढे दिल्लीत काय बोलले, कुणाबरोबर बसले, यावर तुमची मते काहीही असोत. मी सुरुवातीच्या वर्षांकडे बोट दाखवतो. हाती आलेला पैसा त्यांनी यादवबाबांच्या मोडकळीला आलेल्या देवळासाठी लावला, तिथल्याच खोलीत राहिले, पेन्शनीवर भागवले. संसार नव्हता, गरजा थोड्या होत्या. मग दुष्काळी गावात नालाबांध, पाझर तलाव, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी अशी कामे उभी राहिली. गावाने सुरुवातीला ऐकले ते यामुळे, की या माणसाला गावाकडून काही नको होते.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर मी तुम्हाला अर्धवट इतिहास सांगितला असे होईल. त्याच राळेगणात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारले गेले, हे स्वतः अण्णांनी सांगितले आहे. बराकीत हुकूम चालतो, कारण तिथे सगळ्यांनी सही करून हुकूम मान्य केलेला असतो. गावात तसे कुणी सही केलेली नसते. गावात पटवावे लागते, हरावे लागते, पुन्हा पटवावे लागते. पेन्शन माणसाला मोकळे करते. शहाणे करतेच असे नाही. मोकळा झालेला माणूस सावकारीही करू शकतो, कँटीनची बाटली दुप्पट भावाने विकू शकतो, निवडणुकीत कुणाचा तरी दांडगा होऊ शकतो. अशी माणसे आपण पाहिली आहेत. म्हणून पेन्शनीने दिलेल्या स्वातंत्र्याला वाचनाची, चर्चेची, संस्थेची जोड लागते. वलंगकरांना सत्यशोधक विचार भेटला होता.

आता आजच्या बाजाराकडे या. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांची फाटके, बँकांची दारे, एटीएम, कारखान्यांचे गेट पाहा. तिथे छातीवर रिबन नसलेला, पण उभे राहण्याची ढब न विसरलेला माणूस दिसतो. सिग्नलमध्ये वीस वर्षे दळणवळण सांभाळलेला, ईएमईमध्ये इंजिने उघडलेला, इंजिनिअर रेजिमेंटमध्ये पूल टाकलेला, मेडिकल कोअरमध्ये जखमा बांधलेला, सगळ्यांना बाजार एकच काम देतो: वही पुढे सरकवून नाव-नंबर लिहून घेणे. चौकीदारी हलकी आहे असे मी म्हणत नाही. काहींना ती मनापासून हवी असते, काही जण डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा भरती होऊन रीतसर तेच काम करतात, आणि राज्याच्या माजी सैनिक महामंडळानेही अनेकांना या मार्गाने रोजगार दिला आहे. माझा आक्षेप कौशल्याच्या नासाडीला आहे.

कागदावर सोयी कमी नाहीत. केंद्राच्या गट ‘क’ भरतीत १० टक्के आणि आपल्या राज्यात गट ‘क’ व ‘ड’ मध्ये १५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी आहेत. दहावी झालेल्या आणि १५ वर्षे सेवा केलेल्या जवानाला काही पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा मानतात. निवृत्तीपूर्वी अभ्यासक्रमांची सोय आहे. पण राखीव जागा आणि प्रत्यक्ष भरती यांत मोठे अंतर राहते, हे संसदीय समित्यांनीही वेळोवेळी नोंदवले आहे. कारण साधे आहे. सतरा वर्षे बर्फात आणि वाळूत काढलेल्या माणसाला आपण बावीस वर्षांच्या पोरांबरोबर घड्याळ लावून गणिते सोडवायला बसवतो. जे काम तो डोळे मिटून करील, त्याची परीक्षा कुणी घेत नाही.

जखमी होऊन परतणाऱ्यांच्या बाबतीत मात्र आपल्या पुण्याच्या परिसराने मोठे काम केले आहे. १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीत आली आणि अपंग झालेल्या सैनिकांना हातचे काम शिकवत राहिली. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे. कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांसाठीचे केंद्रही खडकीतच आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर ईएमईचे जवान आणि मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय गेले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. देशाने पद्मश्री दिली २०१८ मध्ये. मधली ४६ वर्षे त्यांचा संसार हारांवर चालला नाही. पुण्यात टेल्कोत नोकरी होती, म्हणून चालला. त्यांच्यावर सिनेमा निघाला तो त्याहून नंतर. सन्मान उशिरा आला तर माणूस तग धरतो; पगार उशिरा आला तर धरत नाही.

याच अंगाने ‘एक पद, एक पेन्शन’च्या आंदोलनाकडे पाहा. २०१५ च्या जूनपासून दिल्लीत जंतरमंतरवर म्हातारे सैनिक बसले, तेव्हा शहरातल्या अनेकांना वाटले की हे पैशांसाठी भांडतात. मुद्दा असा होता, की पेन्शन ठरते शेवटच्या पगारावर. आधी निवृत्त झालेल्या हवालदाराला, तितकीच वर्षे सेवा केलेल्या पण नंतर निवृत्त झालेल्या हवालदारापेक्षा कमी पैसे मिळत. तारखेने दोघांत भिंत घातली होती. शिवाय मुलकी नोकर साठीपर्यंत पगारवाढ घेतो. जवानाची वाढ चाळिशीतच थांबते. ७ नोव्हेंबर २०१५ ला आदेश निघाला, १ जुलै २०१४ पासून लागू झाला, दर पाच वर्षांनी फेरआढावा ठरला. सुमारे २५ लाख घरांना त्याचा लाभ मिळतो. त्यातल्या त्रुटींवर न्यायालयापर्यंत वाद झाले. पण मूळ मागणीत लाचारी नव्हती. पूर्ण केलेल्या कराराचे पैसे मागायला माणसे बसली होती.

या पैशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२२-२३ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सव्वापाच लाख कोटी रुपये होते; त्यांतले जवळजवळ १ लाख २० हजार कोटी पेन्शनीचे. शंभरातले तेवीस. त्याच वर्षी, १४ जून २०२२ रोजी, अग्निपथ योजना जाहीर झाली. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा चार वर्षांसाठी अग्निवीर होतो. त्यानंतर चारांतला एक फौजेत राहतो, तिघे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन परततात. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्याबरोबर येणारी ईसीएचएसची दवापाण्याची सोय नाही. सरकारचे म्हणणे असे की फौज तरुण होईल, सरासरी वय बत्तिशीवरून सव्विशीपर्यंत उतरेल. लष्करी गरजेविषयी निवाडा देण्याइतका मी जाणता नाही आणि या व्यासपीठावर पक्षीय भांडण मला आणायचे नाही.

मला दिसतो तो आपल्या गावातला प्रश्न. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. आजवर फौजेतून जो माणूस यायचा तो मध्यमवयीन, संसारी आणि महिन्याच्या पेन्शनीचा धनी असायचा. आता येणारा बाविशी-तेविशीचा असेल. अंगात रग आहे, शस्त्राची ओळख आहे, शिस्त आहे, पुन्हा मोठ्या काही गोष्टीचा भाग होण्याची भूक आहे; आणि महिन्याची हमी नाही. वलंगकरांना आणि रामजींना जे मोकळेपण मिळाले, त्याचा पायाच इथे नसेल. अशा मुलाला कोण पहिला हाक मारील? ठेकेदार, राजकीय दादा, खासगी वसुलीवाला? की आपण?

म्हणून मी चार गोष्टी मागतो. एकीलाही दिल्लीची परवानगी लागत नाही.

पहिली. ग्रामपंचायतीने सत्कारांच्या यादीबरोबर कौशल्यांची यादी ठेवावी. कोण लाइनमन, कोण अवजड वाहने चालवतो, कोण नर्सिंग असिस्टंट, कोण शंभर माणसांचा लंगर सांभाळलेला आचारी. पाणीपुरवठ्याचा पंप बिघडला की तालुक्याहून मेकॅनिक येईपर्यंत आपण दोन दिवस टँकर लावतो, आणि इंजिनांत आयुष्य घातलेला माणूस पारावर पेपर वाचत बसलेला असतो.

दुसरी. निवृत्तीच्या आधीच्या वर्षात पैशाविषयीचे मार्गदर्शन नवरा-बायको दोघांना मिळावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये, माजी सैनिक संघटना आणि आपल्या पतसंस्था यांनी मिळून तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून दोन शिबिरे घेतली तरी पुष्कळ. अट एकच, पत्नी हजर नसेल तर नाव नोंदवून घेऊ नये.

तिसरी. जुन्या पेन्शनरांनी अग्निवीरांचे पालकत्व घ्यावे. आपल्या भागात निवृत्त जवानांच्या भरती अकादम्या गावोगाव आहेत. पहाटे पाचला पोरांना पळवून फौजेत पाठवण्याचे काम त्या करतात. आता परत आलेल्यांसाठीही दार उघडा. मधेच सुटलेले शिक्षण, आयटीआय, सहकारी तत्त्वावरचा छोटा उद्योग, सेवानिधी कुठे गुंतवायचा आणि कुठे अजिबात नाही, हे सांगायला वडीलधारा माणूस हवा. ज्याला पेन्शन आहे तोच हे काम मोबदल्याशिवाय करू शकतो.

चौथी गोष्ट माजी सैनिकांकडेच मागतो. तुम्हाला घरपट्टीत सवलत मिळते, झेंडावंदनाला पुढची खुर्ची मिळते. ती घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्याजवळ गावात फार थोड्यांजवळ असलेली गोष्ट आहे: कुणाची भीड न धरता बोलण्याची सोय. कारखान्याचा चेअरमन तुमचा ऊस अडवू शकेल, पेन्शन अडवू शकत नाही. सरपंच तुमच्यावर रुसेल, पीपीओ रद्द करू शकत नाही. ग्रामसभेत रोजगार हमीचा हिशेब विचारायला शेतमजूर भितो, कारण उद्या त्याला त्याच माणसाच्या बांधावर कामाला जायचे असते. तो प्रश्न तुम्ही विचारा. दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीचे पैसे कुठे गेले, शाळेच्या दोन खोल्या का गळतात, विधवा बहिणीचे नाव सातबाऱ्यावरून कसे उडाले, हे विचारणारा एक निर्भय माणूस गावात असला तरी पुष्कळ फरक पडतो. हुकूम मात्र देऊ नका. हात वर करा, आपली पाळी येऊ द्या, विचारा, उत्तर लिहून घ्या आणि पुढच्या सभेला पुन्हा या.

देशाने तुम्हाला जी पेन्शन दिली ती मागच्या सेवेची किंमत आहे. तिच्यावर तुमचा पूर्ण हक्क आहे आणि ती उपकाराची नाही. पण तिच्यातून जे मोकळेपण येते त्याचा उपयोग पुढे काय करायचा, हे ठरवणारा कुणी कमांडिंग ऑफिसर आता तुमच्यावर नाही. दापोलीच्या पेन्शनरांनी तो उपयोग शाळेसाठी, लेखणीसाठी आणि अन्यायाविरुद्धच्या अर्जांसाठी केला. येत्या २६ जानेवारीला आपल्या तालुक्यात गावोगाव ग्रामसभा आहेत. तिथे किमान एका माजी सैनिकाने उभे राहून खर्चाचा हिशेब मागितला, तर ज्यांच्या नावाने आपण इथे जमलो त्यांचे स्मरण झाले असे मी मानीन.